लाल दोऱ्याची शेंग

परवा सकाळी मी चक्क पुढच्या वर्षीचं बियाणं खाऊन टाकलं...

जालन्यात आमच्या घरामागे जेमतेम चार कुंड्या मावतील एवढी माती आहे. दिवाळीनंतर तिथे सालीसकट खायचा गोड मटार लावला, तो स्नॅप पी म्हणतात ना, तो. खरं सांगायचं तर सासूबाईंचा जीव रमावा म्हणून लावला होता.

सासरे गेल्यावर आम्ही त्यांना भोकरदनजवळच्या गावाहून इकडे आणलं. पण त्यांची पिशवी पलंगाखाली कायम भरलेली. रोज चहाच्या वेळी एकच, "मला गाडीत बसवून दे बाई, तिकडं घर बंद पडून राह्यलं." मी काहीतरी निमित्त काढून दिवस ढकलायचे. त्यांनी जाऊ नये असं फार वाटायचं... पण बळजबरी कशी करणार?

वेल मात्र मजेत सुतळीवर चढत गेले. सकाळचं कोवळं ऊन, पांढरी फुलं, हवेत काहीतरी शोधत फिरणारे ते नाजूक तणावे... सासूबाई शाल गुंडाळून बघत बसायच्या. मीही कप घेऊन शेजारी टेकायचे. ऑफिस, डबा, सगळं लांब कुठेतरी असायचं.

परवा पाहते तर काही शेंगांच्या देठाला लाल दोरा! मला वाटलं, तोडणीला आलेल्यांना खूण केली असेल. त्यातली सगळ्यात टपोरी तोडली आणि उभ्या उभ्या खाल्ली. काय गोड होती...

"अगं अगं! दोऱ्याची कशाला तोडली? बियाला सोडल्ती मी ती!"

तरुणपणी त्या मिरचीच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला, म्हणजे बियाण्यासाठी फुलांवर हाताने पराग लावायच्या कामाला, जायच्या. तिथे दोरा बांधलेलं फळ फक्त बियाण्याचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. मी आपली शेंगेचा रिकामा देठ हातात धरून उभी. "चुकलं आई," एवढंच म्हटलं.

त्या बाकीचे दोरे चाचपत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पण ह्या वाळू दे बराबर. न्हाईतर फुढल्या थंडीला काय लावायचं आपुन?"

फुढल्या थंडीला... आपुन!

मला एकदम भरून आलं. तोंडात अजून त्या शेंगेची चव होती.

पिशवी अजून पलंगाखालीच आहे, असू दे. पण दोन दिवस झाले, चहाला गाडीचा विषय निघालेला नाही. शेंगा हळूहळू पिवळ्या पडतायत, आम्ही दोघी बघत बसतो... घाई आता कुणालाच नाही.