दाराकडे तोंड केलेले बूट

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या बौद्ध घरातून भूत, करणी, नवस हे सगळं आजोबांच्या काळातच हद्दपार झालं. त्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे शंका घ्यायचाच पगार मिळतो. तरी लिहितोय... कारण डोक्यातून जात नाही.

मी आणि माझी बायको सुजाता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. गेल्या एप्रिलमधला शनिवार. तिचे बाबा नागपूरला आयसीयूत होते, सहावा दिवस. तिला जायचं होतं आणि मी अडवत होतो. तिचा पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. इथे राहायला अडचण नव्हती, पण एकदा देशाबाहेर पडली की वकिलातीतून नव्या व्हिसाचं स्टॅम्पिंग झाल्याशिवाय परत येता येणार नव्हतं आणि अपॉइंटमेंट्स महिनोन्‌महिने मिळत नव्हत्या. तिची नोकरी गेली असती. "भाऊ आहे ना तिथे? अजून दोन दिवस बघू," हे मी इतक्यांदा म्हटलं होतं की तिने वाद घालणंच सोडलं होतं.

तिचं मन रमावं म्हणून तिला सॅन होजेच्या जपानटाऊनला घेऊन गेलो. जुनी वस्ती, पिढ्यान्‌पिढ्यांची दुकानं आणि मध्ये उतरत्या छपराचं जुनं बौद्ध मंदिर. फोटो काढले, मोची नावाची तांदळाची जपानी मिठाई खाल्ली. म्हणजे मी खाल्ली, ती फोन बघत होती.

मंदिराच्या पायऱ्यांवर आम्ही सवयीने बूट काढले, विहारात काढतो तसेच. आत बघतो तर चर्चसारखे बाक! फुलं लावणाऱ्या एक जपानी आजी आमचे मोजे बघून हसल्या. म्हणाल्या, "इथे कुणी शूज काढत नाही, पण असू दे. छान वाटलं."

सुजाता पहिल्या बाकावर बसली. हळू आवाजात त्रिसरण म्हणायला लागली आणि मध्येच रडायला लागली. आत आम्ही तिघंच होतो. मी तिच्या शेजारी नुसता बसून राहिलो. मला लाज वाटत होती, पण मत बदललं नव्हतं.

बाहेर आलो. माझे बूट मी काढले होते तसेच वेडेवाकडे पडलेले. तिचे मात्र सगळ्यात खालच्या पायरीवर — रस्त्याकडे तोंड करून, एकमेकांना चिकटून, नीट ठेवलेले.

आजी आमच्या मागोमागच आल्या होत्या. मी विचारलं, "हे तुम्ही ठेवलेत?"

"मी तर आत तुमच्याबरोबरच होते," त्या म्हणाल्या. "आमच्यात घरी असे ठेवतात, निघणाऱ्याला सोपं जावं म्हणून." मग सुजाताकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठे निघालाय का?"

सुजाताने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "चल, पार्किंग संपतंय."

कुणीतरी येणाऱ्या-जाणाऱ्याने ठेवले असतील, असं म्हणून मी विषय संपवला.

चारच्या सुमारास घरी पोचलो. दाराला आतून कडी लावली. बूट रोजच्यासारखे भिंतीकडे तोंड करून ठेवले. ती वर आंघोळीला गेली, मी चहा टाकला. फोन बुटांच्या स्टँडवर राहिला होता, तो घ्यायला आलो तर... तिचे बूट दाराकडे वळलेले. माझे जागच्या जागी.

वर शॉवरचं पाणी पडत होतं. घरात तिसरं कुणी नव्हतं.

मी काय केलं असेल? ते उचलले आणि परत भिंतीकडे फिरवून ठेवले. तिने बघितलं असतं तर ती त्याच संध्याकाळी निघाली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चहा उतू जायला आला म्हणून किचनमध्ये गेलो. गॅस बंद करून परत आलो, मिनिटभरसुद्धा झालं नसेल. बूट पुन्हा दाराकडे. या वेळी लेस सैल केलेल्या आणि जिभा पुढे ओढलेल्या, लहान मुलाला बूट घालून देताना आपण ओढतो तशा. वर पाणी चालूच होतं. मी जिन्यावर बसलो. पुन्हा हात लावायची हिंमत झाली नाही.

ती खाली आली तेव्हा मी लॅपटॉपवर तिकीट बघत होतो.

"जा तू. आजची फ्लाइट आहे."

"अरे, आणि स्टॅम्पिंग?"

"बघू यार, होईल ते होईल."

"अचानक काय झालं तुला?"

"काही नाही."

ती सोमवारी पोचली. बाबांनी तिला ओळखलं, तिच्या हातून दोन चमचे पाणी प्यायले, "आलीस?" म्हणाले. गुरुवारी गेले.

स्टॅम्पिंगला पाच महिने लागले. नोकरी गेलीच. त्याबद्दल तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उलट तिच्या माहेरी सगळ्यांना सांगते की ह्यानेच मला पाठवलं.

पायरीवरच्या प्रकाराचं काहीतरी कारण निघेल. घरातल्याचं मला आजतागायत सापडलेलं नाही. सुजाता हे सदर वाचते, म्हणून इथे लिहितोय. तुझे बूट दाराकडे कुणी वळवले ते मला माहीत नाही, सुजाता. भिंतीकडे मी वळवले होते.