भानुदासरावांच्या नावावर लागलेली चूक

भानुदासराव ओव्हाळांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि भांडण अर्थातच मी काढले होते. पुण्याहून चिंचवडच्या एका कंपनीच्या ऑफिसात नुकताच रुजू झालो होतो. संध्याकाळी वेळ जाईना म्हणून इथल्या सार्वजनिक वाचनालयाचा सभासद झालो. दाराशी फळ्यावर पाहतो तर लागोपाठ दोन मंगळवारी तेच व्याख्यान, तोच वक्ता, तीच वेळ! तडक ग्रंथपालांच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "अहो, फळा लिहिताना जरा लक्ष द्यावं माणसानं."

पुस्तकावर शिक्का मारता मारता भानुदासरावांनी वर पाहिले. "तुम्ही जनरल शिफ्टचे दिसता."

"हो. मग?"

"या आठवड्यात जो सेकंड शिफ्टला आहे, तो संध्याकाळी सहाला मशीनवर उभा असतो. पुढच्या आठवड्यात त्याची फर्स्ट शिफ्ट येते. अर्धं गाव नेहमी कामावरच असतं, साहेब. त्यांनी ऐकायचं कधी?"

फळा पुन्हा एकदा वाचून मी निघालो; चूक आपलीच निघालेली मला अजिबात आवडत नाही. पुढे मी त्याच वाचनालयाच्या कार्यक्रम समितीचा चिटणीस झालो. तरी 'एक कार्यक्रम दोनदा' ही त्यांची पद्धत मला शेवटपर्यंत खटकत राहिली.

कार्यक्रम ठरवण्याची भानुदासरावांची रीत साधी होती. पुस्तक बदलायला आलेल्या प्रत्येकाला ते तीन गोष्टी विचारत. काय ऐकायला आवडेल, कधी सवड असते आणि सोबत कोणाला आणाल? उत्तरे जुन्या रद्द कार्डांच्या पाठीवर लिहून ठेवत. आम्ही समितीवाले पुण्याच्या नामवंतांची यादी करून बसायचो, आणि हे महाशय त्या कार्डांची चळत पुढे सरकवायचे. बाळाला वरचे दूध कधी द्यावे, यावर परिचारिकाबाईंचे बोलणे हवे. शिलाई मशीनची दुरुस्ती शिकायची आहे. चाकणच्या बाजाराच्या दिवशी तिथे पुस्तकांची पेटी न्यावी. आम्ही नाक मुरडायचो. कार्यक्रम मात्र त्यांचेच भरायचे, आमच्या नामवंतांपुढे सतरंजीच जास्त दिसायची.

माझ्या वडिलांना दिसेनासे झाले, तेव्हा दर रविवारी सकाळी भानुदासराव आमच्या घरी येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. मी त्यांना कधी बोलावले नव्हते. वडील अग्रलेखावर तावातावाने वाद घालत आणि भानुदासराव मुद्दाम उलट बाजू घेत. "आज ओव्हाळांना गप्प केलं," असे वडील दुपारभर आनंदाने सांगत असत.

आता खरे ते लिहितो. भानुदासरावांच्या साठीच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'चार गोड आठवणी' मागितल्या होत्या. गोड आठवणी पुष्कळ आहेत, पण त्या लिहायला बसलो की एकच मंगळवार आडवा येतो, आणि मला शरमेने पुढे लिहवत नाही.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. भानुदासराव दुपारी बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेत. त्या बायका त्यांना गुरुजी म्हणत. वर्ग संपताना प्रत्येकीने स्वतः लिहिलेले एक पान घरच्यांसमोर वाचायचे, असा कार्यक्रम ठरला. बारा बायका होत्या. नवऱ्यांच्या शिफ्ट पाहून सहाजणींना पहिला मंगळवार दिला, सहाजणींना दुसरा. पहिला उत्तम झाला.

दुसऱ्या मंगळवारी मी वाचनालयाचे सभागृह आमच्या कंपनीतल्या नव्या साहेबांच्या स्वागताला देऊन टाकले. माझी बढती त्यांच्या हातात होती, एवढेच कारण. भानुदासराव पुस्तके आणायला दोन दिवस पुण्याला गेले होते, त्यांना मी कळवलेही नाही. मनात म्हटले, वाचन एकदा झालेच आहे की!

त्या संध्याकाळी आकुर्डीच्या पारूबाई नवरा, सासू आणि दोन मुलांना घेऊन दारात आल्या. नवे लुगडे, हातात घडी घातलेला कागद. त्यांच्या शेतावर आता कारखान्याची शेड आहे आणि नवरा त्याच शेडमध्ये हेल्पर. 'आमचं वावर' असे त्यांनी आपल्या पानाला नाव दिले होते. आतले हारतुरे पाहून त्या थबकल्या.

"आज आमचं वाचन हाय न्हवं?"

मी म्हणालो, "ओव्हाळांनी तुम्हाला कळवायला हवं होतं. विसरले असतील."

हे वाक्य माझे. इतक्या सहज तोंडातून गेले की मलाच आश्चर्य वाटले.

एवढ्यात भानुदासराव पुण्याहून पुस्तकांचे गठ्ठे घेऊन पोहोचले. काय झाले ते त्यांना एका नजरेत कळले. तोवर जमलेल्या सहाही जणींना घेऊन ते मागच्या अंगणात गेले, स्टूल मांडले, मग माझ्याकडे आले. "चिटणीससाहेब, बाहेरचा कर्णा पाचच मिनिटं बंद करा. आतलं चालू राहू दे."

कर्ण्याचे बटण माझ्या हाताशी होते. मी म्हणालो, "साहेब बोलताहेत. आत्ता नाही."

खिडकीतून मला अंगण दिसत होते. पारूबाई स्टुलावर चढल्या, कागद उघडला. त्यांचे ओठ हलत होते. आवाज चढवलेला दिसत होता, पण आवारात साहेबच घुमत होते. सासूने कानामागे हात धरला. दोन-तीन ओळींनंतर पारूबाई थांबल्या, कागदाची घडी केली आणि खाली उतरल्या. साहेबांचे भाषण संपून टाळ्या पडल्या. त्या विरल्यावर पारूबाईंचे शब्द मला स्पष्ट ऐकू आले. "गुरुजी, माझा दिस इसरला व्हय तुमी?"

भानुदासरावांनी खिडकीकडे पाहिले. ते म्हणाले, "चूक झाली, पारूबाई."

पुढच्या बैठकीत तक्रार आली, तेव्हाही त्यांनी 'तारखेचा घोटाळा माझ्याकडून झाला' असे सांगितले. समितीने त्यांच्याविरुद्ध नापसंतीचा ठराव केला. तो इतिवृत्तात लिहिला मी, माझ्या सुवाच्य अक्षरात. त्यानंतरच्या रविवारी ते आमच्याकडे नेहमीच्या वेळेला आले आणि वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवले. मी आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन सांगितले, की मी हे सगळे लिहिणार आहे. म्हटले, तो ठराव रद्द करायला लावतो. भानुदासराव म्हणाले, "ठरावाचं सोडा हो. त्यानं माझं काही बिघडलं नाही. पण पारूबाईंना अजून वाटतं, मी त्यांना विसरलो. बाजारात दिसलो की त्या तोंड फिरवतात. ते मात्र लागतं मला."

"मग तेव्हाच माझं नाव का नाही घेतलंत?"

"वर्गाला खोली तुमच्या सहीनं मिळायची. तुमचं नाव घेतलं असतं, तर वर्ग टिकला असता?"

नसता टिकला. मीच बंद पाडला असता. हे त्यांना माहीत होते आणि मला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी आकुर्डीला गेलो. पारूबाईंनी ओळखले, बसायला चटई टाकली. मी काही न लपवता सांगितले. सभागृह मी दिले, दारातले वाक्य खोटे होते, कर्ण्याचे बटण माझ्या हाताशी होते. पारूबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "माज्या पोराला त्यांनीच रात्रशाळंत घातलं. आन् मी नऊ वर्सं त्या मानसाला साधा नमस्कार केला न्हाई."

मी विचारले, "सत्काराला याल का?"

"यीन की. पर तुमी बोलावलं म्हनून न्हाई."

भानुदासराव साठीत पाऊल ठेवत आहेत. ठराव रद्द करण्याचा अर्ज मी समितीकडे दिला आहे, आणि सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर माझी खुर्ची ठेवू नये, अशी विनंतीही केली आहे. त्यांची तब्येत ठणठणीत राहो, नजर अखेरपर्यंत साथ देवो. त्यांना दीर्घायुष्य चिंतण्याचा अधिकार मला किती आहे, ते वाचकांनी ठरवावे. पण एका बाईचा नऊ वर्षांचा नमस्कार मी त्यांच्याकडून हिरावून घेतला. त्यांच्या वाट्याला जे काही आयुष्य असेल, त्यात निदान तेवढी नऊ वर्षे तरी जास्तीची पडोत.