पाटावरून उठताना

मुलीच्या लग्नात मांडवभर पाहुण्यांसमोर गुरुजींनी माझ्यासाठी पाटाऐवजी खुर्ची मांडली. माझे गुडघे सर्वांना ठाऊक.

"पाटच द्या," मी म्हणालो.

"अहो, उठवायला चार माणसं लागतील!" बायको कुजबुजली.

कन्यादान पाटावर बसूनच झालं. उठताना, गुडघ्यांसाठी लावलेल्या उठण्याबसण्याच्या वर्गातल्या शिकवणाऱ्या बाई आठवल्या. "जोर लावू नका. आधी नजर वळवा, मग मान. कंबर आपणहून येईल." इतकी वर्षं हे शरीर मी पोत्यासारखं उचलत आलो. त्याला वाट ठाऊक होती. मीच कधी विचारलं नव्हतं.

नजर मुलीकडे वळवली आणि हात न टेकता उभा राहिलो. बायको बघतच राहिली.

मग वाकून गुरुजींना दक्षिणा दिली, ठरल्यापेक्षा एकशे एक रुपये जास्त. म्हटलं, "हे खुर्ची परत नेण्याचे."