कामाले जाता काय?

दौलत गुरुजींना सारं गाव ‘काऊन गुरुजी’ म्हणतं, आणि त्यात खोटं काही नाही. आदिलाबादकडच्या इचोड्याजवळच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून माणूस घरी बसला, पण ‘काऊन?’ म्हणजे ‘का?’ काही सुटला नाही. कोंबडा आरवला तरी विचारतील, काऊन आरवला?

गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांत हैदराबादच्या एका थिंक टँकनं त्यांना सर्वेक्षणाला घेतलं. गावात आवई उठली, टाकी येऊन राह्यली! “पाण्याची नाई गा, विचाराची टाकी,” गुरुजींनी समजावलं. सरकारनं पैसा कुठं घालावा, यावर अभ्यास करून अहवाल काढणारी संस्था. “मंग तिचा नळ कुठी निंगते?” म्हाताऱ्या प्रयागबाईनं विचारलं. खरं सांगायचं तर हे गुरुजींनाही ठाऊक नव्हतं.

फॉर्म तेलुगूत होता. गुरुजी एकेक प्रश्न आपल्या बोलीत करून विचारत. सतरावा प्रश्न होता, तुम्ही काम करता का? छे, असं कोण बोलतं! त्यांनी विचारलं, “कामाले जाता काय?” डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन उभी असलेली राहीबाई म्हणाली, “नाई बापा. आमचंच वावर हाय.” गुरुजींनी ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या घरी गेले.

आता कामाले जाणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. गुरुजींना माहीत नव्हतं? होतं की! पण हातात फॉर्म आला की माणूस समोरच्याचं ऐकत नाही, रकान्याचं ऐकतो.

उन्हाळ्यात तेलुगू पेपरात बातमी आली: या भागातल्या दहापैकी सात बाया काहीच काम करत नाहीत. मग टीव्हीवर चर्चा. चार शहाणे एकमेकांवर ओरडत होते. एक म्हणे बायांना प्रशिक्षण द्या, दुसरा म्हणे फुकटच्या योजनांनी आळशी झाल्या. भांडण कडाक्याचं, पण सातचा आकडा चौघांनाही कबूल! आठवडाभरात मंडल कचेरीचा कागद आला. आया घरीच असतात, तेव्हा गावातलं पाळणाघर बंद करायचा विचार आहे, मंगळवारी सुनावणी.

राहीबाईची नात तिथंच राहायची. “आता लेकराले कापसाच्या ओळीत निजवू काय? मागच्या साली तिथंच साप निंगाला होता!” ती तणतणत गुरुजींच्या ओसरीवर आली.

गुरुजींचा ‘काऊन’ जागा झाला. हे सात आले कुठून? बातमीदाराला फोन लावला, त्यानं एका लेखाकडं बोट दाखवलं. लेखानं अहवालाकडं. अहवालाच्या एकेचाळिसाव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आधार: प्रश्न सतरा.’  गुरुजी नळ उलटा चढत गेले, तर टाकीत आपलंच पाणी!

गुरुजींनी संस्थेत फोन लावला. तिथली अपूर्वा मूळची आदिलाबादची. तिनं गुरुजींनीच भरलेल्या फॉर्मच्या प्रती पाठवल्या आणि फोनवर स्पष्टच म्हणाली, “गुरुजी, चूक झाली असं तुम्ही सुनावणीत सांगितलंत, तरच फेरसर्वेक्षण मागता येईल. पण मग पुढं तुम्हाला कोणी काम देणार नाही.” तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ मारलेल्या माणसाला हे सोपं नव्हतं. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

मंगळवारी ते उभे राहिले. कामाले जाणं म्हणजे काय, हे अर्धं तेलुगूत, अर्धं हिंदीत सांगितलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मंडल कचेरीच्या साहेबांनी विचारलं, “म्हणजे सगळा शब्दाचाच घोळ?”

हो म्हटलं असतं तर सुटले असते. पण गुरुजींनी गठ्ठ्यातला शेवटचा फॉर्म काढला.

“साठ घरी शब्दाचा घोळ, साहेब. हे एकसष्टावं, माझंच. बायको रुख्मिणी. दोन म्हशी, तीन एकर वावर, अंथरुणाला खिळलेली माझी माय, सारं तिच्याच अंगावर. इथं मी ‘नाही’ लिहिलं.” “इथं शब्दाचा दोष नाई. मी तिले विचारलंच नाई.”

साहेबांनी कागदावर शेरा मारला: फेरसर्वेक्षण होईपर्यंत पाळणाघर चालू राहील. राहीबाईनं मोठ्यानं सुस्कारा सोडला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून रुख्मिणी उठली. आता चारचौघांत आपली फजिती होणार, असं वाटून गुरुजींची मान खाली गेली. ती सरळ पुढं आली आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“कोरा फॉर्म हाय ना जवळ? मंग विचारा आता,” ती म्हणाली. “पण बसून विचारा. येळ लागन.”