दारावर विचारलेलं नाव

शनिवार, दिवाळीनंतरचा पहिला. काम: मतदार यादीची घरोघर पडताळणी. घरी हजर: फक्त माझे यजमान. गैरहजर: मी आणि मुलगी, दोघी आपापल्या ऑफिसात, मी गावात, ती गावाबाहेर राऊला. दारात: बीएलओ मॅडम, म्हणजे आमच्या भागातल्या यादीचं काम ज्यांच्याकडे आहे त्या सरकारी शाळेतल्या शिक्षिका.

संध्याकाळी मी आले तेव्हा यजमान खुशीत होते.

"अगं, यादीवाल्या आल्या होत्या. आपल्या मुलीचं जुनं नाव घेऊन विचारायला लागल्या, ये लड़का यहीं रहता है ना? मी साफ सांगितलं, इस नाम का कोई नहीं रहता यहाँ. लिहून घ्या म्हटलं. सहीसुद्धा केली."

"अहो, यादीत अजून तेच नाव आहे! ते कटलं तर तिने मत कुठून द्यायचं?"

त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण पर्स खांद्यावरच ठेवून मी फोन शोधू लागले.

मुलगा म्हणून वाढवलेल्या आमच्या लेकीने आपण मुलगी आहोत हे सांगितलं, तेव्हा मी रडून घेतलं आणि मग कामं लिहून काढली. आधी कलेक्टर कचेरीतून तिच्या नव्या ओळखीचं प्रमाणपत्र, मग आधार, मग पॅन, बँक, आणि त्यानंतर मतदार कार्ड. आधारपर्यंत झालं होतं. यजमानांना कागदांचं काही वाटलं नाही, त्यांची अडचण जिभेची होती. जुनं नाव त्यांच्या वडिलांनी ठेवलेलं. घरात नियम केला, जो ते नाव घेईल त्याने रात्रीची भांडी घासायची. मुलगी म्हणायची, "बाबा, भांडी इतकी चमकतात, अजून थोडे दिवस चुका." हळूहळू चुका थांबल्या. मग पाहुण्यांनी जुनं नाव घेतलं तरी ते टोकायला लागले. दारावरचं उत्तर त्याच सवयीने दिलं होतं.

पण तिला हे कार्ड का हवं होतं ते मला ठाऊक होतं. मतदान केंद्रावर नाव मोठ्याने वाचतात. मागच्या निवडणुकीत तिचं जुनं नाव वाचलं, तेव्हा अख्खी खोली वर बघायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे भिया, ये क्या है?" ती मत न देताच परत आली. येत्या वेळी आपल्या नावाने उभं राहायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

रविवारी मी आधार आणि प्रमाणपत्र घेऊन मॅडमच्या घरी गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला.

"भाभीजी, मैं समझ गई. नाम कटने नहीं दूँगी. फॉर्म आठ भर दीजिए, नाम और लिंग दोनों सुधर जाएँगे. पर भाईसाहब ने लिखवाया है कि कोई नहीं रहता. अब वही लिखकर दें कि ये और वो एक ही हैं, दोनों नाम के साथ."

"मी, म्हणजे मैं लिख दूँ तो?"

"बयान उनका है, उनको ही आना पड़ेगा."

घरी येऊन मी मजकूर तयार केला, जुन्या नावाची जागा सोडून. यजमानांनी वाचला आणि टेबलावर ठेवला.

"मी नाही लिहिणार. किती मुश्किलीने सुटलंय ते."

"एकदाच लिहायचंय, अहो."

"तिच्यासमोर?"

मुलगी दारातच उभी होती. ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "बाबा, तुम्ही दारावर माझ्यासाठी नाही म्हणालात, कळलंय मला. आता माझ्यासाठीच लिहा. मला राग नाही येणार."

त्यांनी मान डोलावली, पण पेन उचललं नाही. तिचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "उद्या. शाळेतच लिहीन, मॅडमच्या पुढ्यात. तू सोबत नको येऊस, बेटा."

सोमवारी ते तयार होऊन निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. डोकं दुखतंय म्हणाले. फॉर्म आठ मुलीने ऑनलाइन भरला, पावती आली. मॅडमचा फोन येऊन गेला, या आठवड्यात द्या म्हणाल्या. यजमानांचं निवेदन तेवढं व्हायचं आहे.