बेट्टस्वामीनं मिशी उतरवली

सिनेमातला प्रभुराज गेल्याची बातमी मळवळ्ळीत सकाळी नऊच्या सुमाराला आली आणि नेमका त्याच वेळी बेट्टस्वामी बाजारात कढीपत्ता घ्यायला गेला होता. त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. भाजीवाली त्याच्याकडे बघून एकदम हंबरडा फोडून रडायला लागली, तेव्हा त्याला वाटलं हिच्या घरचं कुणीतरी गेलं. चार शब्द बोलावेत म्हणून तो खाली वाकला, तर बाईनं त्याचेच पाय धरले. समोरच्या हॉटेलचा मालक गल्ला तसाच उघडा टाकून बाहेर आला, त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला आणि खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसत उभा राहिला. पलीकडे एका म्हातारीनं बातमी सांगणाऱ्यालाच फैलावर घेतलं होतं. "मेला म्हणतोस? जीभ झडेल तुझी. हा काय उभा आहे धडधाकट, कढीपत्ता निवडतोय."

त्यात म्हातारीची तरी काय चूक? प्रभुराजला पडद्यावर सगळ्यांनी पाहिलेलं, पण हाडामांसाचा प्रभुराज म्हणून मळवळ्ळीला माहीत होता तो बेट्टस्वामीच. आमच्या म्हैसूरकडच्या भागात जत्रा म्हटली की ऑर्केस्ट्रा आला, आणि ऑर्केस्ट्रा म्हटला की ज्युनियर आला. ज्या नटाची गाणी, त्याच्यासारखा दिसणारा माणूस स्टेजवर नाचायला हवा, नाहीतर लोक खुर्च्या फेकतात. बेट्टस्वामी मूळचा बसस्टँडमागचा शिंपी. नाक देवानं दिलं होतं, मिशी त्यानं स्वतः राखली, आणि डावा खांदा किंचित पाडून चालणं त्यानं आरशासमोर दोन वर्षं घासून घासून बसवलं. ते असं बसलं की पुढे तीस वर्षं उठलंच नाही. संडासला जातानाही तो तसाच चालायचा. "मी लग्न शिंप्याशी केलं होतं," असं त्याची बायको सण्णम्मा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "पण घरात राहतो हिरो, आणि हिरोला पाणी तापवून द्यावं लागतं."

खऱ्या प्रभुराजची नि त्याची पहिली गाठ मंड्या शहरात, प्रभुराजच्या सत्कारात पडली. संयोजकांनी गंमत म्हणून ज्युनियरला स्टेजवर चढवलं. प्रभुराजनं त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग कानाशी येऊन म्हणाला, "सगळं जमलंय रे. फक्त तू माझ्यापेक्षा बरा नाचतोस, तेवढं जरा कमी कर." आणि अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली. असा माणूस होता. त्याचे सिनेमे काही सगळेच चांगले नव्हते, दोनचार तर बेट्टस्वामीनंही मधूनच उठून येण्याच्या लायकीचे होते. पण माणूस बावनकशी.

तो किती बावनकशी, हे मेल्यावर कळायला लागलं. रोज टीव्हीवर नवा कुणीतरी उभा राहायचा. कुणाची कॉलेजची फी, कुणाच्या आईचं डायलिसिस, कुठल्याशा खेड्यातल्या शाळेचं छप्पर. सगळ्यांना एकच अट घातलेली, की बोंबाबोंब करायची नाही, आणि तो गेल्यावर सगळ्यांना एकदमच कंठ फुटला होता. आमचा फॅन संघाचा अध्यक्ष पुट्टराजू फ्लेक्स छापतो. तो माइक घेऊन बेट्टस्वामीच्या घरी आला. अकराव्या दिवशी टॉकीजच्या आवारात जेवणावळ होती, आधी स्टेजवर आठवणी सांगायच्या होत्या. तुमच्याकडे तर खजिना असणार, म्हणाला. बेट्टस्वामीनं मंड्याच्या शालीची गोष्ट सांगितली आणि दुसरं काही नाही म्हणून हात जोडले. आत चुलीपाशी सण्णम्माच्या हातातली पळी थांबली होती.

कारण दुसरी गोष्ट होती. त्यांची एकुलती एक मुलगी भव्या नऊ वर्षांची असताना तिच्या हृदयाला भोक असल्याचं निघालं. बेट्टस्वामी दिवसा मशीन मारायचा, संध्याकाळी जत्रेत नाचायचा, पण ऑपरेशनचा आकडा त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. एका कार्यक्रमात तो ठेकाच चुकला. ही गोष्ट ऑर्केस्ट्रावाल्याकडून फिरत फिरत प्रभुराजच्या कानावर गेली, कारण ज्युनियर ठेका चुकला तर अब्रू कुणाची जाते? चौथ्या दिवशी म्हैसूरच्या हॉस्पिटलात टोपी डोळ्यांवर ओढून तो स्वतः आला. आपला ज्युनियर पुढे होऊन पाया पडतोय हे बघून कंपाउंडर चक्रावले, दोघांपैकी कुणाकडे बघावं त्यांना कळेना. सगळी व्यवस्था करून झाल्यावर त्यानं विचारलं, "पोरीला काय सांगशील?"

"तुम्ही वाचवलंत म्हणून सांगेन, अण्णा."

"अजिबात नाही. मग ती जन्मभर माझ्या फोटोला नमस्कार करेल आणि तुझ्याकडे पाठ फिरवेल. तू नाचून नाचून पैसा उभा केलास असं सांग. मी सांग म्हणेपर्यंत दुसरं काही बोलायचं नाही."

त्यानं पुढे कधी सांग म्हटलं नाही. आणि आता म्हणणारच नव्हता.

पोर मोठी झाली, एसटीत कंडक्टर झाली, म्हैसूर डेपोत तिच्या जिभेला ड्रायव्हरसुद्धा टरकून असतात. तिच्या छातीवर गळ्यापासून खाली उतरलेला वण आहे. कुणी त्याबद्दल विचारलं की ती मान ताठ करून सांगते, माझा बाप दिवसा शिवायचा आणि संध्याकाळी नाचायचा, पायाला फोड आले तरी थांबला नाही, म्हणून मी आज तिकीट फाडतेय. सासरी, डेपोत, बसमधल्या अनोळखी बायकांना, सगळ्यांना तिनं हे सांगून ठेवलं होतं. बेट्टस्वामीला ते ऐकताना बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. पहिली काही वर्षं लाज वाटली, मग सवय झाली, आणि पुढे पुढे त्याला स्वतःलाही आपण नाचून पैसा उभा केल्याचं आठवायला लागलं. फक्त तिला प्रभुराजचा भयंकर राग. ज्याच्यासारखं दिसण्यात बापाचं आयुष्य गेलं, त्यानं बापाच्या अडीनडीला एक बोट हलवलं नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

अकराव्या दिवशी सकाळी बेट्टस्वामी न्हाव्याकडे जाऊन बसला आणि डोकं, मिशी सगळं उतरव म्हणाला. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. शिवरात्र नुकतीच झालेली, जत्रांचा हंगाम तोंडावर, आठ कार्यक्रम ठरलेले. "ही मिशी तुझी नाही, सण्णम्माची चूल आहे," तो म्हणाला. पण बाप गेल्यावर मुलगा उतरवतो तशी उतरवायची असा बेट्टस्वामीचा हट्ट. अर्ध्या तासानं तो घरी आला तर सण्णम्मानं त्याला ओळखलंच नाही, भिक्षेकरी समजून तांदूळ आणायला आत गेली. मग ओळखलं आणि मटकन खाली बसली.

तेवढ्यात भव्या आली. खाकी कपड्यांतच, पहिल्या फेरीच्या बसनं. टॉकीजमधल्या जेवणावळीला आईबापांना घेऊन जायचं होतं तिला. दारात उभी राहून बापाच्या तकतकीत डोक्याकडे बघत राहिली. बेट्टस्वामी चाचरत म्हणाला, आपण घरीच एडे मांडू. एडे म्हणजे गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान. ते घरातल्या माणसासाठी मांडतात, शेजाऱ्यासाठीही कुणी मांडत नाही.

"कोण लागतो तो आपला?" भव्या म्हणाली. "पुट्टराजूच्या मांडवात जाऊन दोन घास खाल्ले असते, मी नको म्हटलं नसतं. पण डोकं काय, मिशी काय. तुमच्या बापाला तरी एवढं केलं होतं का? तुम्ही मला वाचवायला मरमर नाचत होतात, तेव्हा हा कुठं होता? एक पत्र टाकलं का त्यानं? कपडे त्याचे, नाव त्याचं, घाम तुमचा. माझ्या हातून त्याचं पान वाढलं जाणार नाही."

सण्णम्मानं नवऱ्याकडे पाहिलं. तिनं पंधरा वर्षं तोंड शिवून ठेवलं होतं आणि शिवण उसवायची तर ती शिंप्यानंच, असं तिचं म्हणणं असावं.

बेट्टस्वामीची अवस्था मोठी कठीण झाली. बोलावं तर शब्द मोडतो, आणि ज्याला दिला तो माफ करायला उरला नाही. शिवाय बोलल्यावर पोरीच्या नजरेत आपण कोण उरणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. जत्रेत नाचणारा एक नकल्या. गप्प बसावं तर ज्यानं पोर वाचवली, त्याला त्याच पोरीच्या तोंडून, त्याच्या अकराव्याला, हे ऐकायला लागतंय. त्यानं सवयीनं मिशीवर हात नेला. तिथं काहीच नव्हतं.

"मी नाही वाचवलं तुला," तो म्हणाला. "त्यानं वाचवलं. मी नाचलो ते तुझ्या औषधांपुरतं. ऑपरेशन सगळं त्याचं. श्रेय तू घे म्हणाला, आणि मी घेतलं. इतकी वर्षं घेतच राहिलो, पोरी. मला गोड लागलं ते."

भव्यानं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. भव्या परसात गेली, नळाखाली पाय धुतले, तोंड धुतलं, परत एकदा पाय धुतले. बेट्टस्वामी खांबाला टेकून, पोलिसांनी बसवून ठेवल्यासारखा बसला होता. ती आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"नंतर रागावते. भरपूर रागवायचंय. आधी पान मांडू, ऊन चढलं." मग आईला म्हणाली, "त्याला काय आवडायचं गं? सिनेमात तर सारखा बिर्याणी खायचा."

पुट्टराजूच्या मांडवातही बिर्याणीच होती. पण सण्णम्मा म्हणाली, हॉस्पिटलात त्यानं आपल्या घरच्या डब्यातलं गार मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, खाल्लं होतं, पातळ सारात बुडवून, वर मिरची मागून घेतली होती. म्हणून मुद्दे रांधलं. केळीचं पान आलं, नारळ आला, कोरं धोतर आलं, विडा आला. भिंतीवर प्रभुराजचा मोठा फोटो होता, दहा दिवस त्याला हार घातलेला. बेट्टस्वामीनं तो खाली उतरवून पानासमोर टेकवला आणि हात जोडले. भव्या दिवा लावायला वाकली आणि तशीच थांबली.

"अप्पा, हा तुम्ही आहात."

"छे. पलीकडच्या वर्षीचं कॅलेंडर आहे ते."

"कॅलेंडरवर प्रभुराजच्या शर्टाला तुमच्या हातची कॉलर कशी येईल? बघा की नीट. टोकाला हिरवा दोरा."

खरंच हिरवा दोरा होता. पांढरा संपला म्हणून त्यानंच मारलेला. दहा दिवस तो स्वतःच्याच फोटोला हार घालून सकाळसंध्याकाळ ढसाढसा रडत होता. सण्णम्मानं कपाळाला हात लावला, जिवंत नवऱ्याला अकराव्याचं पान, आणि फोटो झपकन उचलून तोंडानं भिंतीकडे केला. मग घरभर शोधाशोध. ट्रंकेत, मशीनच्या ड्रॉवरमध्ये, देव्हाऱ्यामागे जेवढे म्हणून प्रभुराज निघाले, ते सगळे बेट्टस्वामी. एक मंड्याचा निघाला, त्यात दोघं होते, पण त्यातही जिवंत माणूस आलाच. भव्याला हसू आवरेना, हसता हसता ती पुन्हा रडली. शेवटी बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र रद्दीतून काढलं आणि त्यातला प्रभुराज पाटाला उभा टेकवला.

आता बोलावणं राहिलं. पान मांडून झालं की घरच्यांनी गेलेल्या माणसाला नात्यानं हाक मारून जेवायला बोलवायचं, दार ओढून घ्यायचं आणि त्याचं जेवण होईतो बाहेर बसायचं. नाव घेऊन बोलवत नाहीत, नात्यानंच बोलवतात. बेट्टस्वामी पुढे झाला, 'अण्णा' म्हणायला तोंड उघडलं आणि अडला. अण्णा तर त्याला सगळं राज्य म्हणत होतं. टॉकीजच्या कर्ण्यावरून पुट्टराजूही या क्षणी तेच ओरडत होता. त्यात घरचं असं काय होतं? आणि आपलं म्हणून त्याला दुसरं काय म्हणावं, हे त्याला तीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. तो आईबापाचा एकटा मुलगा. हात जोडून, मुंडकं हलवत तो नुसताच उभा राहिला.

भव्या त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. खाकी सदऱ्याचं वरचं बटण तिनं लावलं, डोक्यावर आईच्या पदराचं टोक ओढून घेतलं, आणि आमच्याकडे बापाच्या थोरल्या भावाला पोरं जशी हाक मारतात, तशी मारली.

"दोड्डप्पा," ती म्हणाली, "जेवायला या. अप्पा वाट बघतायत."

मग तिनं दार ओढून घेतलं आणि ओट्यावर बापाला चिकटून बसली.