कलाबाईंच्या बोटाचा मध

तिगावच्या भोवताली कोणाचंही लेकरू वर्षाचं झालं की पहिलं बोलावणं कलाबाईंना जायचं. बाई येत, हात धूत, आपल्या बरणीत करंगळी बुडवत आणि लेकराच्या जिभेवर मधाचा एक थेंब ठेवत. पूर्वी हे बारशालाच होई. नर्सबाईंनी वर्षाआत मध नको म्हणून बजावलं, तेव्हापासून हा मान पहिल्या वाढदिवसाला आला. आणि मध तरी कसा! संत्र्याच्या फुलांवरचा. झाकण उघडलं की ओसरीतल्या माणसाची मान आपोआप वळावी.

बाईंच्या मधपेट्या यशवंतरावांच्या बगिच्याच्या बांधावर असत. यंदा संत्र्याचा आंब्या बहार ऐन फुलांच्या भरात असताना भरदुपारी तिथे फवारणी सुरू झाली. बाई धावत गेल्या.

"यशवंतराव, झाडं फुलावर हायेत. माशा बसल्या हायेत. दिवस बुडाल्यावर मारा नं औषध!"

"दिवस बुडाल्यावर मजूर का तुह्या घरून येतीन? मी संत्र्यावरल्या काळ्या माशीवर मारून राहिलो. तुही आडवी आली त मी का करू?"

"कलाबाई," एक पंपवाला खिदळला, "माशायले मास्क शिवून द्या!"

सांजेला पेट्यांच्या दाराशी माशा उताण्या पडून गरगरत होत्या. जगल्या त्या इतक्या थोड्या, की पंखांनी मधातलं पाणी आटवून त्यावर मेणाचं झाकण घालायला पुरल्या नाहीत. निघाला तो मध पाण्यासारखा. थोड्याच दिवसांत त्याला फेस आला. हुंगला तर फुलाचा मागमूस नाही, नुसती आंबट वाफ. त्यात फवाऱ्याचं न दिसणारं औषध होतं, ते वेगळंच.

नेमका तेव्हाच यशवंतरावांच्या नातवाचा पहिला वाढदिवस आला. बाई तीच बरणी घेऊन गेल्या. लेकराला चाटवायचा नव्हताच. वैऱ्याच्या लेकरालाही त्यांनी तो दिला नसता. त्यांना यशवंतरावांच्या तोंडून, चारचौघांत, फक्त एक कबुली हवी होती. करंगळी बरणीत बुडाली, वर आली.

"थांब!" यशवंतराव गरजले. "कुठचा मध हाय हा?"

"तुमच्याच बगिच्यातल्या फुलायचा, भाऊ."

साऱ्या मांडवाच्या नजरा यशवंतरावांकडे वळल्या. आता हा माणूस खाली मान घालील, असं बाईंना वाटलं. साऱ्या जन्मात माणसांवर त्यांनी असाच भरवसा टाकला होता.

यशवंतराव घरात गेले, दुकानातली सीलबंद बाटली आणली आणि सुनेच्या हाती दिली. "याच्यातला चाटव. हिच्या मधात जहर हाय. मीच मारलं, मले नाही ठाऊक त कोणाले राहीन?"

कबुली मिळाली. पण यशवंतराव असे बोलले, जणू त्यांनी गावाचा जीव वाचवला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. बायांनी आपापली लेकरं मागे ओढली. एका म्हातारबाने तर "यशवंतराव, बरं झालं तुमच्या ध्यानात आलं!" म्हणून त्यांची पाठ थोपटली.

यशवंतरावांची संत्री ट्रक भरभरून नागपूरला गेली. त्यांवर काय मारलंय, हे कोणी विचारलं नाही. कलाबाई मात्र सौसरच्या बाजारात बसल्या की पलीकडून हाक येई, "आली का जहरवाली?" वाढदिवसांची बोलावणी थांबली.

दिवाळीआधी मोहगावहून लेकीचा, पूनमचा फोन आला. नात वर्षाची होत होती.

"आई, सकाळीच येजो. पण... बरणी नको आणू. सासूबाई म्हणून राहिल्या."

"नाही आणत, माय. तुमच्याच बाटलीतला घीन. बोट तेवढं माहं राहीन."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"आई, बोटही नको."

बाई गेल्या. नातीला झबलं दिलं. विहीणबाईंनी चमच्याने मध चाटवला. टाळ्या वाजल्या. बाईंनीही वाजवल्या.